स्टोन टाउनमधला एक निवांत दिवस : काय घ्यावं, काय खावं?

खडीसाखर
टांझानियातल्या झांझिबार बेटावर, स्टोन टाउन या जुन्या गावात एक अख्खा दिवस फक्त खरेदी आणि खाण्यासाठी ठेवायचा आहे. किनारे, मसाल्यांच्या बागा, कासवांचं बेट हे सगळं वेगळ्या दिवशी, त्याची चर्चा इथे नको. मंडळी चार. दोघं पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. एका आजींना सलग फार चालवत नाही. फ्रिजला चिकटवायची चुंबकं आणि गावाचं नाव छापलेले टी-शर्ट नकोत. घरी आणल्यावर वापरात येईल किंवा भिंतीवर मानाने राहील असं काय घ्यावं? ते अस्सल आहे हे ओळखायचं कसं? आणि कुठल्या वेळी कुठे खावं? जाणकारांनी सविस्तर लिहा.

दर्यावर्दी
आधी घड्याळ जुळवून घ्या. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा 'सा मोजा', म्हणजे एक. दुकानदाराने 'सा न्ने', म्हणजे चार, सांगितलं तर दुकान दहाला उघडणार. ऐकलेल्या आकड्यात सहा मिळवा.

मग दिशा. दाराजानी बाजार गावाच्या पूर्व कडेला आहे आणि फोरोधानी बाग पश्चिमेला समुद्रावर. मधे गल्ल्यांचं जाळं. सरळ चाललं तर पंधरा-वीस मिनिटांत गाव ओलांडून होतं, पण सरळ चालणं कुणालाच जमत नाही. सकाळी पूर्वेकडून सुरुवात करून संध्याकाळी पश्चिमेला पोचा. बाजारात माल सकाळी ताजा असतो आणि फोरोधानीचे गाडे सूर्य बुडायच्या सुमारास लागतात, त्यामुळे हीच दिशा बरोबर.

आजींसाठी : आतल्या गल्ल्यांत गाडी शिरत नाही. पण दाराजानीपाशी, केन्याटा रस्त्यावर आणि फोरोधानीच्या समोर टॅक्सी येते. मधला टप्पा तेवढा पायी. घरांच्या दर्शनी भिंतीला लागून दगडी ओटे असतात, त्यांना 'बाराझा' म्हणतात. ते बसण्यासाठीच आहेत, संकोच करू नये.

शुक्रवार शक्यतो टाळा. दुपारच्या नमाजाला बरीच दुकानं बंद होतात. रमजानात दिवसा खाण्याच्या बहुतेक जागा बंद असतात. आणि कपडे खांदे-गुडघे झाकणारे हवेत. ९० टक्क्यांहून जास्त वस्ती मुसलमान आहे आणि लोकांना ते खरोखर महत्त्वाचं वाटतं.

पोटोबा
न्याहारी हॉटेलात करू नका. 'म्बाझी' आणि 'महाम्री' मागा. म्बाझी म्हणजे आपली तूर! डाळ नाही, अख्खे दाणे. रात्री भिजवून मऊ शिजवतात, मग कांदा, हळद, हिरवी मिरची आणि नारळाचं दूध. पातळ दूध आधी, दाट दूध शेवटी घालतात. दाट घातल्यावर खळखळ उकळी आली की दूध फाटतं आणि वर तेल सुटतं, म्हणून चांगल्या ठिकाणचा म्बाझी सायीसारखा एकजीव दिसतो. महाम्री म्हणजे मैद्याची, यीस्ट आणि वेलची घातलेली, किंचित गोड, तळून फुगलेली पुरी. मैदा नारळाच्या दुधात भिजवतात. दोन्हीत अंडं बहुधा नसतं, तरी विचारून घ्या : 'बिला मायाई', म्हणजे अंड्याशिवाय.

शाकाहारी दोघांनी एक वाक्य पाठच करावं : 'सिली न्यामा, सिली समाकी, सिली मायाई.' मांस खात नाही, मासे खात नाही, अंडी खात नाही. नुसतं 'व्हेज' म्हटलं की मासा चालत असेल असं गृहीत धरतात.

कोकमसरबत
तूर टांझानियातून आपल्याकडे जहाजाने येते. ती तिथे नारळाच्या दुधात न्याहारीला मिळते हे वाचूनच भूक लागली.

लवंगी_मिरची
आता मसाले, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

नारळाच्या झावळीच्या टोपलीत दहा-बारा छोट्या पुड्या बांधून विकतात. ती टोपली घेऊ नका. पुड त्यात महिनोन्महिने उन्हात टांगलेली असते, वास निघून गेलेला असतो. मसाला अख्खाच घ्या आणि दाराजानीत सुटा वजनावर घ्या.

लवंग : चार लवंगा हातावर घ्या. डोक्यावरची गोळी शाबूत हवी. नखाने पोटाशी दाबा, तेलाचा ओला डाग दिसला पाहिजे. अजून शंका असेल तर पेल्यात टाका. तेल असलेली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी तरंगते. तेल काढून घेतलेली आडवी पडून तरंगते. लवंगेत देठांची भेसळ करतात. देठालाही वास असतो पण तेल फार कमी, म्हणून ढीग बोटांनी पसरून बघा.

जायफळ कवचासकट घ्या. हलवल्यावर आत खुळखुळलं की वाळलेलं आहे. फोडलेल्या जायफळाला बारीक भोकं असतील तर कीड लागलेली आहे, सोडून द्या.

व्हॅनिलाची शेंग बोटाभोवती गुंडाळता आली पाहिजे. कडकन मोडली तर ती जुनी. घरी आणल्यावर काचेच्या बरणीत ठेवा, फ्रिजमध्ये नको, बुरशी येते.

आणि केशर. झांझिबारला केशर पिकत नाही. स्वस्तात 'झांझिबारचं केशर' म्हणून जे देतात त्या बहुतेक वेळा करडईच्या पाकळ्या असतात. सोलापूर-मराठवाड्याकडच्यांना ते बघताक्षणी कळेल. दोन काड्या कोमट पाण्यात टाका. केशर हळूहळू पिवळा रंग सोडतं आणि काडी लालच राहते. करडई भराभर रंग सोडते आणि पाकळी फिकट पडते.

लवंगेचं तेल घेतलंत तर काचेच्या बाटलीतच घ्या. ते काही प्लॅस्टिक खातं, टोपण सैल पडतं आणि बॅगभर वास होतो.

घाटावरचा
लवंगी मिरची, माहिती उत्तम. पण मूळ प्रश्नालाच विरोध आहे. जायफळ, मिरी, दालचिनी, वेलची हे सगळं कोकणात आणि केरळात पिकतं. ते आफ्रिकेतून उचलून आणण्यात काय हशील? बॅगेतली जागा कापडाला द्या.

लवंगी_मिरची
@घाटावरचा, मिरी-वेलचीबाबत मान्य. माझ्या यादीत ते दोन्ही नाहीतच, बघा. पण लवंगेबाबत नाही. आपल्याकडे लवंगेचं पीक गरजेच्या मानाने थोडं आहे, बरीच लवंग बाहेरूनच येते. झांझिबारची लवंग दाराजानीत घेतली तर ती थेट तिथल्या पिकाची असते. खरं म्हणजे त्यातलीही बहुतेक शेजारच्या पेंबा बेटावरची, उंगुजावरची, म्हणजे स्टोन टाउन असलेल्या मुख्य बेटावरची, कमी. वर्षाला एका घराला शंभर ग्रॅम पुष्कळ झाली. तेवढीच घ्या.

मोठ्या प्रमाणात मात्र अजिबात घेऊ नका. लवंगेची निर्यात सरकारी महामंडळाच्या ताब्यात आहे, खाजगी पोती बाहेर नेणं गुन्हा आहे. पाकीटबंद थोडी लवंग पावतीसह घेतली की प्रश्न येत नाही.

रविवारची_पुरवणी
लवंगेवरून एक अवांतर. १९३७ साली झांझिबारच्या ब्रिटिश राजवटीने लवंगेचा व्यापार एका संघटनेच्या हाती एकवटला आणि तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांचं कंबरडं मोडलं. उत्तर म्हणून काँग्रेसने इथे झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. मुंबई हे त्या लवंगेचं मोठं बंदर, मुंबईच्या व्यापाऱ्यांनी माल घेणं थांबवलं. १९३८ मध्ये तडजोड झाली. दाराजानीतल्या त्या ढिगाकडे बघताना हे आठवावं. मसाल्याच्या डब्यातल्या एवढ्याशा कळीसाठी दोन किनारे वर्षभर अडून बसले होते.

निरगाठ
कापडाचा विषय निघालाच आहे तर सविस्तर लिहिते, कारण तिथून आणण्यासारखी सगळ्यात चांगली वस्तू म्हणजे कंगा.

कंगा आणि किटेंगे यांत गल्लत होते. किटेंगे जाड, मेणाच्या छपाईसारखं दिसणारं, वारावर मिळणारं कापड. ते पश्चिम आफ्रिकेपर्यंत सगळीकडे मिळतं. कंगा हा स्वाहिली किनाऱ्याचा. पातळ सुती, साधारण दीड मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद. तीन भाग असतात : चारही बाजूंची किनार म्हणजे 'पिंडो', मधलं मैदान म्हणजे 'म्जी', आणि खालच्या किनारीच्या वर एका चौकटीत छापलेलं वाक्य म्हणजे 'जिना', नाव. वाक्य नसेल तर तो कंगा नव्हे.

तो जोडीनेच विकतात, 'डोटी' म्हणतात. दोन्ही तुकडे न कापता एकाच कापडात असतात. दुकानदाराला कापायला सांगू नका, घरी आणून मधोमध कापा आणि कडा दुमडून शिवा. कडा कच्च्या असतात, न शिवता धुतलं तर दोरे सुटत जातात. नव्या कंग्याला खळ असते, म्हणून दुकानात तो कडक आणि दाट वाटतो. कोपरा चुरगाळून बघा. खूप पांढरी पूड निघाली आणि कापड जाळीदार दिसू लागलं तर सूत विरळ आहे, पहिल्या धुण्यात लोंबेल. पहिली दोन धुणी गार पाण्यात, एकटाच. लाल आणि काळा रंग हमखास जातो.

एका डोटीत एक कुर्ता बसतो. फक्त शिंप्याला आधी सांगा की किनार घेरात यायला हवी आणि वाक्य मधोमध. नाहीतर तो साध्या कापडासारखं बेतून वाक्याचे दोन तुकडे करतो.

आता खरी मेख. वाक्य वाचून घ्या! निम्मी गंमत त्यातच आहे. 'वेमा हाउओझी' म्हणजे चांगुलपणा कुजत नाही. 'हराका हराका हाइना बराका' म्हणजे घाईत बरकत नसते. 'नाझी म्बोवू हराबू या न्झिमा' म्हणजे नासका नारळ चांगल्यांना नासवतो. आपला नासका आंबा आणि आंब्यांची अढी, तोच विचार. पण बरेच कंगे टोमण्यांचे असतात. शेजारणीला, सवतीला, भावजयीला जे तोंडावर बोलता येत नाही ते पाठीवर नेसून सांगायचं. दुकानातल्या बाईंना अर्थ विचारा, त्या आनंदाने सांगतात.

भाव साधारण दहा ते वीस हजार शिलिंग जोडी. कंगा आणि गाद्या-उशांची दुकानं जिथे शेजारी शेजारी आहेत तिथे, म्हणजे दाराजानीच्या मागच्या गल्लीत, घ्या. केन्याटा रस्त्यावर तोच कंगा घडी घालून रिबिन बांधून दुप्पट-तिप्पट भावाने मिळतो. आणि हो, बरेच कंगे छापले जातात भारतातच. कडेला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्याने काही बिघडत नाही. नक्षी आणि वाक्य तिथल्या बाजाराने ठरवलेलं असतं, ते भारतात विकायला ठेवतही नाहीत.

कोकमसरबत
म्हणजे सासूबाईंसाठी घेताना दोनदा अर्थ विचारायचा.

निरगाठ
@कोकमसरबत, तीनदा.

खडीसाखर
निरगाठ ताई, याच माहितीसाठी धागा काढला होता. आभार. आता लाकूड आणि चित्रं? तिथे काळ्या लाकडाच्या मूर्ती खूप असतात म्हणे.

सुतारपक्षी
काळं लाकूड म्हणजे 'म्पिंगो'. आपल्या शिसवीच्याच कुळातलं, पण तिच्याहून जड. पाण्यात टाकलं तर बुडतं. गाभा जांभळट काळा, साल आणि गाभा यांच्या मधला थर फिकट पिवळा. माकोंडे जमातीचे कारागीर तो पिवळा पट्टा बरेचदा मुद्दाम ठेवतात. मूर्तीवर पट्टा दिसला तर ते अस्सलपणाचं चांगलं लक्षण.

नकली म्हणजे हलक्या लाकडाला बुटाचं पॉलिश. ओळख तीन. उचलून बघा, मुठीएवढी मूर्तीही हाताला ओढ देते. तळ बघा, तिथे पॉलिश पोचत नाही. ओला पांढरा रुमाल घासा, काळं आलं तर ठेवून द्या. दुकानदाराने 'तेल लावलंय म्हणून' असं सांगितलं तरी ठेवून द्या.

फिकट लाकडाच्या चमचे-वाट्या वाईट नसतात, पण टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि मैद्यासारखा भुगा दिसला तर आत भुंगेरा आहे. शंका असेल तर घरी आणल्यावर पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. लाकूड खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दव धरतं आणि तडा जातो. म्पिंगोच्या काळ्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, पण कोरड्या हवेत तो चिरतो. नागपूर-संभाजीनगरकडच्यांनी पंख्याखाली किंवा एसीच्या झोताखाली ठेवू नये. वर्षातून एकदा मेण चोळा.

सगळ्यात चांगली खरेदी मात्र वेगळीच आहे : बाओचा पाट. हा तिथला बैठा खेळ. चार ओळी, प्रत्येकीत आठ खड्डे, एकूण ३२ खड्डे आणि ६४ बिया. खड्डे मोजून घ्या! पर्यटकांसाठी घडीचे, दोन ओळी आणि सहा-सहा खड्ड्यांचे पाट ठेवतात. तो वेगळा, सोपा खेळ आहे. बाओच्या पाटावर दोन्ही खेळाडूंच्या आतल्या ओळीत एक खड्डा चौकोनी असतो, त्याला 'न्युंबा' म्हणजे घर म्हणतात. तो नसेल तर पाट शोभेचा.

बिया प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या देत असतील तर नको म्हणा, 'कोम्वे' मागा. करड्या, गुळगुळीत, बोराएवढ्या. हातात घेतल्या की ओळखाल. ते सागरगोटे आहेत. अगदी आपलेच, परसात आजी-पणजी ज्यांनी खेळायच्या तेच. त्या बिया समुद्रातून तरंगत किनाऱ्या-किनाऱ्याने पोचतात.

आजीचा_बटवा
सागरगोटे! सुतारपक्षी, या एका ओळीसाठी तुम्हाला नमस्कार. पण त्या बिया तिथून आणू नका. परदेशातून रुजणारं बी आणायला आपल्याकडे परवाना लागतो. पाट रिकामा आणा, सागरगोटे इथे काष्ठौषधीच्या दुकानात वजनावर मिळतात. ६४ निवडून घ्या, एकसारख्या आकाराचे.

सुतारपक्षी
@आजीचा बटवा, रास्त. दुरुस्ती मान्य.

रंगपेटी
चित्रं : ठिपक्यांचे बिबटे, लांब मानेचे पक्षी, भडक रंग. ही टिंगाटिंगा शैली. एडवर्ड सईदी टिंगाटिंगा यांनी १९६८ च्या सुमारास दार-एस-सलाममध्ये ती सुरू केली. हार्डबोर्डच्या चौकोनावर सायकल रंगवायच्या एनॅमलने ते काढत. १९७२ मध्ये ते गेले, नातलग आणि शिष्यांनी पुढे नेली. म्हणजे शैली झांझिबारची नाही, मुख्य भूमीवरची आहे. 'पुरातन झांझिबारी कला' असं कुणी सांगितलं तर ते चूक.

एनॅमल हा तेलरंग, वरून सुकतो पण आत आठवडाभर ओला राहतो. कापडावरचं चित्र घेताना बोटाने कोपऱ्यात हलकं दाबा. ठसा उमटला तर ते चित्र गुंडाळायचं नाही, दुसरं घ्या. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली तर रंग दबून सुरकुततो. मध्ये बटर पेपर घाला, प्लॅस्टिक नको, ते चिकटतं. नळी जेवढी जाड तेवढं बरं. आणि चारही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर रिकामं कापड आहे ना ते बघा. नाहीतर इथे चौकटीवर ताणताना बिबट्याचे पाय मागे जातात.

पाच दुकानांत तंतोतंत तोच बिबट्या दिसला तर तो नकलेचा माल. हुरुमझी आणि गिझेंगा गल्लीत काही ठिकाणी चित्रकार दारातच बसून रंगवत असतो. तिथे थांबा, त्याच्याकडून घ्या, मागे सही घ्या.

पोटोबा
दुपारच्या जेवणाचं राहिलं. म्कुनाझिनी भागात मोठ्या गोरखचिंचेपाशी 'लुकमान' आहे. पदार्थ समोर मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचं. त्यामुळे शाकाहारी मंडळींची सोय होते. 'वाली वा नाझी' म्हणजे नारळाच्या दुधातला भात, 'महारागे' म्हणजे नारळातला राजमा, 'म्चिचा' म्हणजे माठासारखी पालेभाजी, 'किसाम्वू' म्हणजे कसाव्याचा (ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तो) कोवळा पाला कुटून नारळात शिजवलेला. एवढ्यात भरपेट होतं. पिलाव मात्र घेऊ नका, तो मांसाच्या रश्शातच शिजतो, वरून तुकडे काढून दिले तरी.

मांसाहारींनी नारळातला ऑक्टोपस घ्यावा. दुपारीच घ्यावा, सकाळी शिजलेला असतो. एकच करा, बाराच्या आत पोचा. दीडनंतर भाज्या संपतात.

तिथून अँग्लिकन कॅथीड्रल जवळच आहे. १८७३ मध्ये बंद झालेला गुलामांचा बाजार त्याच जागी भरायचा. खरेदीच्या दिवशीही तिथे अर्धा तास द्यावा. पिशव्या गाडीत ठेवून जावं.

मग उरोजो. कुणी 'झांझिबार मिक्स' म्हणतं. मैदा किंवा बेसन लावून दाटसर केलेलं, कैरी आणि लिंबाने आंबट, हळदीने पिवळं असं गरम सार. त्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, भजी, 'कचोरी', खोबऱ्याची चटणी, वरून कसाव्याचा कुरकुरीत कीस आणि तिखट. कचोरी म्हणजे आपली कचोरी नव्हे, बटाट्याचा गोळा पिठात बुडवून तळलेला. मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. उकडलेलं अंडं आणि 'मिश्काकी', म्हणजे मांसाच्या काड्या, शेवटी घालतात. आधीच सांगितलं तर सहज वगळतात. कीस मऊ पडायच्या आत खावं. वाटी हातात आल्यावर फोटोत वेळ घालवला की गेलं.

कोकमसरबत
थोडक्यात, वडा-सांबार आणि मिसळ यांच्यामधलं काहीतरी?

पोटोबा
@कोकमसरबत, जवळ आहात. पण आंबटपणा कैरीचा, चिंचेचा नाही. त्याने पोट जड होत नाही.

दर्यावर्दी
चारच्या सुमारास जॉज कॉर्नरला बसा. चार-पाच गल्ल्या मिळतात तिथला चौक, भिंतीवर शार्क रंगवलाय. कॉफीवाला पितळी भांड्यातून बिनदुधाची, कधी आल्याची कॉफी चिमुकल्या कपात देतो. काही शे शिलिंग कप. कप परत द्यायचा, तिथेच उभं राहून प्यायची. सोबत 'कशाता' म्हणजे शेंगदाण्याची किंवा खोबऱ्याची वडी, आपल्या चिक्कीची बहीण. बाओ कसा खेळतात ते बाजूला बघायला मिळतं. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

रविवारची_पुरवणी
शब्दांची एक यादी द्यायचा मोह आवरत नाही. दुकान म्हणजे 'डुका', रंग 'रांगी', फणस 'फेनेसी', आंबा 'एम्बे', विमा 'बिमा', बांगडी 'बांगिली', गोणी 'गुनिया', बर्फ 'बाराफू'. आणि खरेदीसाठी सगळ्यात कामाचा : 'लाकी' म्हणजे लाखच! दुकानदार 'लाकी मोजा' म्हणाला तर एक लाख शिलिंग. इंग्रजीत हंड्रेड थाउजंड ऐकून गोंधळण्यापेक्षा स्वाहिलीत ऐका. टांझानियात रिक्षाला 'बजाजी' म्हणतात. पुणेकरांनी छाती फुगवून बसावं.

घाटावरचा
आणि पाचगणीकरांनी 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या घरासमोर. स्टोन टाउनमध्ये १९४६ ला जन्मलेला फारोख बलसारा शाळेला पाचगणीला होता. केन्याटा रस्त्यावर संग्रहालय आहे.

निरगाठ
पैशांबद्दल कुणी लिहिलं नाही. हजार शिलिंग म्हणजे तीस-पस्तीस रुपये, लाख म्हणजे तीन-साडेतीन हजार, एवढा हिशेब डोक्यात ठेवा. पैसे शिलिंगमध्येच द्या. डॉलरमध्ये भाव सांगितला की तो वरच्या आकड्याला गोल केलेला असतो. एटीएम शांगानी भागात आहेत, आतल्या गल्ल्यांत जवळजवळ नाहीत, म्हणून सकाळीच काढा. सुट्टे ठेवा. दहा हजारांच्या नोटेला कॉफीवाल्याकडे मोड नसते.

घासाघीस : 'बेई गानी?' कितीला. 'गाली साना', फार महाग. 'पुंगुझा किडोगो', थोडं कमी करा. हसत बोला, तिथे आवाज चढवणं असभ्य समजतात. आधी 'शिकामू' म्हणून वयस्कर दुकानदाराला नमस्कार करा. तो मोठ्या माणसाला घालायचा नमस्कार आहे, त्याने भावापेक्षा वागणं बदलतं. एकाच दुकानातून तीन-चार वस्तू घेऊन एकूण रकमेवर कमी करून मागणं, हे वस्तूवार भांडण्यापेक्षा चांगलं जमतं. घ्यायचं नसेल तर भाव बोलायचाच नाही. तुमचा आकडा त्याने मान्य केला की घेणं हा शब्द झाला.

आणि गल्लीत जो मागे लागतो आणि 'चला दुकान दाखवतो' म्हणतो त्याच्याबरोबर जाऊ नका. त्याचं कमिशन तुमच्या भावात असतं. त्यांना तिथे 'पपासी' म्हणतात, म्हणजे गोचीड. 'हापाना, आसांते' म्हणून चालत राहा.

लवंगी_मिरची
संध्याकाळच्या फोरोधानीबद्दल इशारा. काड्यांना टोचलेला झिंगा-मासा-ऑक्टोपस उघड्यावर, बर्फाशिवाय मांडलेला असतो. काही आधीच अर्धवट शिजवलेलं, काल उरलेलंही असू शकतं. पोट बिघडायला ते पुरे. माझं मत, फोरोधानीला खाऊच नये, बघून यावं.

पोटोबा
@लवंगी मिरची, अर्धं पटलं. काड्या टाळाव्या हे बरोबर. पण समोर कच्च्यापासून करून देतात ते का टाळायचं? 'झांझिबार पिझ्झा' बघा. कणकेचा गोळा तेलात बुडवून ठेवलेला, थापून पापुद्र्याएवढा पातळ पसरतात. मधे दुसरा लहान चौकोन ठेवतात, नाहीतर सारण फाडून बाहेर येतं. खिमा, कांदा, ढोबळी मिरची, चीज आणि अंडं एकत्र फेटून ओततात, चारही बाजू दुमडून तव्यावर. मुंबईच्या बैदा रोटीचा सख्खा भाऊ. पूर्ण गरम, डोळ्यांदेखत.

शाकाहारींनी दोन गोष्टी पाहाव्या. अंडं नसलं की सारण सुटं राहतं, तेव्हा चीज जास्त घालायला सांगा. आणि तवा तोच असतो. चालत नसेल तर दिवे लागायच्या आधी, तवा नुकताच तापवलेला असताना पहिलेच उभे राहा, किंवा सरळ नको म्हणा. फ्राईज मासे तळलेल्या तेलातच तळतात.

उसाचा रस आलं आणि लिंबू उसाबरोबरच चरकात घालून काढतात. 'बिला बाराफू', बर्फाशिवाय. कुठल्याही गाड्यावर पदार्थ तव्यावर पडायच्या आधी भाव विचारा.

लवंगी_मिरची
ठीक. पिझ्झा आणि रसापुरती माघार. काड्यांवर मी ठाम.

आजीचा_बटवा
काय आणू नये तेही नोंदवा. शंख, शिंपले, प्रवाळ किनाऱ्यावर विकायला असतात, पण परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. कासवाची पाठ आणि हस्तिदंत तर विचारूही नये. 'जुनी', 'शंभर वर्षांची' म्हणून सांगितलेली पितळी खिळ्यांची पेटी किंवा दाराचा तुकडा घेऊ नका. खरी असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, खोटी असेल तर फसलात. नवीन पेटी नवीन म्हणून घ्या, पावतीवर तसं लिहून घ्या. आणि कापडी पिशव्या इथून न्या. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे, पर्यटकांनाही.

खडीसाखर
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असा बेत : आठला म्बाझी-महाम्री. नऊ ते साडेअकरा दाराजानी, लवंग शंभर ग्रॅम, कंगे चार जोड्या. बाराला लुकमान. कॅथीड्रल. दुपारी आजी विश्रांतीला हॉटेलवर. बाकीचे हुरुमझी-गिझेंगा, बाओचा पाट आणि एक चित्र. चारला उरोजो आणि जॉज कॉर्नर, सूर्यास्ताला आजींना टॅक्सीने थेट फोरोधानीला. काही चुकतंय का?

रंगपेटी
चित्र कॉफीच्या आधी नको, शेवटी घ्या. ती नळी हातात घेऊन चौकात उभं राहिलात तर कॉफी सांडते.

सुतारपक्षी
बाओचा पाट तीन-चार किलो भरतो. घ्या, पण दुकानातच सांगून ठेवा, फोरोधानीला जाताना उचला.

पोटोबा
उरोजो चारला नको, अडीच-तीनला घ्या. दुपारचा माल संपला की चांगले गाडे आवरतात. कॉफी चारला चालेल. आणि हलवा राहिला! कसाव्याचं सत्त्व, साखर, तूप, वेलची तांब्याच्या कढईत तासन्तास घोटून करतात. कराची हलव्यापेक्षा मऊ, झावळीच्या छोट्या टोपलीत बांधून देतात. बोटाने दाबल्यावर तूप वर आलं आणि खड्डा परत भरला की ताजा. शेवटच्या दिवशी घ्या, फ्रिजशिवाय आठवडा सहज टिकतो, फ्रिजमध्ये दगड होतो.